उतारावरून वाहणाऱ्या दाण्यांवर संशोधन करायचंय? आधी उतार बांधा

वाळू, धान्य अशा दाणेदार पदार्थांच्या प्रवाहावर पीएचडी करायची म्हणून मुलं विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न हमखास सॉफ्टवेअरचा असतो. कण-सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर प्रत्येक दाण्याची हालचाल मोजणं, जरूर शिका. त्यासाठीची कुंडॉल आणि स्ट्रॅक यांची १९७९ ची पद्धत आज फुकट मिळणाऱ्या पॅकेजमध्येही आहे. पण आधी हाताने एक उतार बांधा.

मीटरभर लांब फळी, बाजूंना काच, वर हॉपर (मणी सोडायचं नरसाळं) आणि त्याला झडप. अर्ध्या मिलिमीटरचे काचेचे मणी घ्या आणि तेच तळालाही चिकटवा. तळ गुळगुळीत राहिला तर थर आतून न वाहता बराचसा अख्खाच घसरतो. ॲक्रिलिकच्या भिंती शक्यतो नकोत, कोरड्या हवेत त्यांच्यावर विद्युतभार साचतो आणि मणी चिकटून बसतात. पावसाळ्यात मुंबईत उलटं होतं: दमट हवेने मणी एकमेकांना धरतात आणि ते ज्या कोनाला वाहू लागतात तो कोन बदलतो. मणी ओव्हनमध्ये वाळवा, प्रत्येक नोंदीशेजारी आर्द्रता लिहा.

मग २४-२५ अंशांवर प्रवाह सोडा आणि झडप बंद करा. सगळे मणी खाली जात नाहीत, एक पातळ थर उतारावरच थांबतो. तो ब्रशने झाडून घ्या, वजन करा. वजनाला क्षेत्रफळ, काचेची घनता आणि ०.६ (भरणीचं प्रमाण, म्हणजे थराच्या घनफळात मण्यांचा वाटा) यांनी भागलं की थराची जाडी मिळते. कोन वाढवाल तशी ती घटत जाते, त्याचा आलेख काढा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हिए पूलिकेन यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की वाहणाऱ्या थराची खोली या उरलेल्या जाडीच्या किती पट आहे, त्यावरून त्याचा वेग काढता येतो. थांबलेल्या मण्यांनी वाहणाऱ्यांचा वेग सांगावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं. सिम्युलेशन करताना ताळा कोन आणि जाडीच्या याच आलेखाशी घ्या.

दोन आकारांचे मणी मिसळलेत तर मोठे वर येतात आणि प्रवाहाच्या तोंडाशी जमतात. या विलगीकरणावर आयआयटी मुंबईत देवांग खखर यांनी मोठं काम केलंय. औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यांना हाच प्रश्न रोज छळतो, त्यामुळे नोकरीच्या दृष्टीने तो मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

माळीणसारख्या दरडींवर काम करायचं मनात असेल, तर कोरड्या मण्यांचे नियम तिथे जसेच्या तसे लावू नका. पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब वाढला की दाण्यांमधलं घर्षण घटतं. त्यासाठी पहिल्याच वर्षी सिव्हिल विभागात जाऊन मृदा यांत्रिकीचा कोर्स करून टाका.