आधी टायर, मग लिफ्ट
थारला दोन इंची लिफ्ट (गाडी उंच करणारा संच) बसवण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मागचा सलग अ‍ॅक्सल टायरवर उभा असतो. स्प्रिंग उंच केल्या की बॉडी वर जाते, अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, तिथेच राहतो, आणि दगडावर आधी तोच आपटतो. त्याला उंची देतो फक्त टायर. 255/65 आर18 मापाच्या टायरऐवजी 255/70 आर18 घातला तर व्यास साधारण 25 मिमी वाढतो, म्हणजे डिफरन्शियलखाली त्याच्या निम्मी, जेमतेम 13 मिमी जागा. (स्पीडोमीटरचा काटा तोच वेग दाखवत असला तरी गाडी तीनेक टक्के जास्त वेगात असते, हे घाटात विसरू नका.) टायर ठरला की एक चाक दगडावर चढवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि टायर कुठे घासतो ते बघा. ते घासणं थांबेल एवढीच लिफ्ट पुरे. त्याहून उचललीत तर पुढची चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे तिरपे चालतात आणि त्यांच्यावरची रबरी आवरणं, म्हणजे बूट, फाटतात.