मुंबईत हौशी बोटीसाठी जागा कशी शोधावी

मुंबईत स्वतःची बोट घ्यायचं मनात असेल, तर बोटींच्या जाहिराती बघणं तूर्त बाजूला ठेवा आणि आधी जागा शोधा. बोट पैसे टाकले की मिळते. ती सुरक्षित ठेवायची जागा शोधायला मात्र महिने जातात, आणि जागा कशी मिळते त्यावर बोट केवढी घ्यायची हे ठरतं. उलट क्रमानं गेलेल्यांच्या बोटी कुठल्यातरी खाडीत चिखलावर कलंडलेल्या दिसतात, आणि ते बघवत नाही.

कोचीला बोलगट्टी बेटावर तरंगते धक्के असलेली मरिना आहे. बोट धक्क्याला लावायची, नळाचं पाणी घ्यायचं, विजेची वायर जोडायची आणि चालत घरी जायचं. मुंबईत अशा मरिनाच्या योजनांची चर्चा अनेकदा झाली, पण योजनेच्या भरवशावर बोट घेऊ नये. आज इथल्या बहुतेक हौशी बोटी 'मुरिंग'वर असतात. समुद्राच्या तळाशी टाकलेलं जड काँक्रीट, त्याला साखळी, साखळीच्या टोकाला तरंगता बोया आणि बोयाला बांधलेली बोट. तिच्यापर्यंत जायला छोटी होडी लागते.

मुंबईत जागा म्हणजे दोन जागा, ही गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही. एक पाण्यातली, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेपर्यंतची, आणि दुसरी पावसाळ्यातली, जमिनीवरची. दोन्ही हातात असल्याशिवाय बोटीचा इसार देऊ नका.

पायरी १: बोटीची मापं ठरवा

लांबी, वजन आणि पाण्याखाली ती किती खोल जाते, हे तीन आकडे कागदावर लिहा. कुणाकडेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच येईल. बोट सहा-सात मीटरच्या आतली, हलकी आणि मोटरची असेल, तर मुरिंगच्या मागे लागूच नका. ती ट्रेलरवर, उतार असलेल्या धक्क्याजवळ ठेवा आणि वापरायच्या दिवशी पाण्यात उतरवा. तळाला शिंपल्या धरत नाहीत, रात्रीची काळजी नाही आणि पावसाळ्याचा प्रश्न आपोआप सुटतो. पहिल्या बोटीसाठी मी हाच मार्ग सुचवेन. खाली कणा (तळातून पाण्यात खोल उतरणारा भाग) असलेली शिडाची बोट किंवा मोठी मोटरबोट असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी.

पायरी २: पाणी कुणाच्या हद्दीत आहे ते बघा

बोया मोकळा दिसला म्हणून बोट बांधता येत नाही. मुंबई बंदराच्या हद्दीत मुंबई पोर्ट ऑथॉरिटीचा अधिकार चालतो. १८७३ साली स्थापन झालेलं पोर्ट ट्रस्ट ते हेच. समोर न्हावा-शेवा भागात जवाहरलाल नेहरू बंदराची हद्द आहे. मांडवा, वर्सोवा यांसारखी राज्यातली ४८ छोटी बंदरं महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे येतात. नौदल गोदी, भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा आणि तेलवाहू जहाजांचं जवाहर द्वीप यांच्या जवळपास थांबायचा विचारही नको. २६/११ नंतर या बाबतीत कुणी ढिलाई खपवून घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

पायरी ३: चार ठिकाणं हिंडून या

पहिलं ठिकाण अपोलो बंदर, म्हणजे गेटवेच्या समोरचं पाणी. कुलाब्याच्या जमिनीचा पश्चिमेकडून आडोसा आहे, त्यामुळे दुपारी सुटणारा पश्चिमेचा वारा इथे थेट लाटा उठवत नाही. शिडाच्या बोटींची इथली परंपरा जुनी आहे, रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. क्लबच्या माध्यमातून मुरिंग, ने-आण करणारी होडी आणि अनुभवी खलाशी एकत्र मिळू शकतात. मात्र सदस्यत्वाला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, शिवाय सदस्य झालात म्हणजे मुरिंग मिळालंच असं नाही. अर्ज करतानाच 'मुरिंगची यादी वेगळी आहे का?' हे विचारून घ्या. इथला मोठा त्रास लाँचींच्या लाटांचा. घारापुरी आणि मांडव्याच्या फेऱ्या दिवसभर चालतात, बोट सतत डुलते आणि दोर घासत राहतात.

दुसरं मांडवा. रो-रो सेवेसाठी, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीसाठी, तिथे लाटा अडवणारा बांध झाला आणि मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली. त्या आडोशामुळे आणि अलिबागकडच्या घरांमुळे हौशी बोटींचा ओढा तिकडे वाढला आहे. शनिवार-रविवार अलिबागला जाणाऱ्यानं बोट मुंबईत ठेवण्याचा हट्ट सोडून आधी मांडव्याला चौकशी करावी.

तिसरं बेलापूर-नेरूळची खाडी. नवी मुंबईकरांना घराजवळ, पाणी शांत, पण मोकळ्या समुद्रापर्यंत अंतर बरंच. गेटवेकडे यायचं तर अटल सेतूखालून यावं लागतं. शिडाची बोट असेल तर डोलकाठीची उंची आणि वाटेतल्या प्रत्येक पुलाखालची भरतीच्या वेळची मोकळी उंची नकाशावर ताडून बघा. खाडीत गाळही साचतो. काल होती ती वाट आज असेलच असं नाही.

चौथं वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी. या खाड्यांच्या तोंडाशी गाळ असतो आणि भरती बघूनच आत-बाहेर करावं लागतं. मुख्य म्हणजे हे कोळीवाड्यांचं पाणी आहे. तिथल्या मच्छीमार सोसायटीशी बोलल्याशिवाय नांगर टाकू नका. त्यांच्या बोटी पहाटे बाहेर पडतात, त्यांची वाट अडली तर त्यांचा दिवस बुडतो.

चौकशीसाठी ऑगस्ट-सप्टेंबर हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. नारळी पौर्णिमेनंतर बोटींच्या हालचाली सुरू होतात, आणि यंदा कोण पाण्यात उतरणार नाही, कुणाचं मुरिंग रिकामं राहणार, हे तांडेलांना आणि खलाशांना नेमकं ठाऊक असतं. धक्क्यावर चहा घेत तासभर त्यांच्याशी बोललात तर ऑफिसच्या चार खेपांइतकी माहिती मिळते. परवानगी मात्र ऑफिसातूनच घ्या.

पायरी ४: जागा ओहोटीला बघा

दलाल किंवा मालक तुम्हाला भरतीच्या वेळी बोलावतो, तेव्हा सगळीकडे पाणीच पाणी दिसतं. तुम्ही उधाणाच्या ओहोटीला जा. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, आणि भरतीला बोट डौलात डुलत होती तिथे ओहोटीला चिखल उघडा पडलेला असू शकतो.

वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब अजून कामाला येतो. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत सकाळी सहा-सातला किंवा संध्याकाळी त्याच सुमारास धक्क्यावर पोचलात, तर पाणी सगळ्यात खाली गेलेलं दिसेल. हा ढोबळ अंदाज आहे, नक्की वेळ आणि उंचीसाठी भरती-ओहोटीचं तक्तापुस्तक बघा. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा पाणी फारसं उतरत नाही आणि जागा आहे त्यापेक्षा चांगली वाटते.

ओहोटीला होडी करून मुरिंगपर्यंत जा, वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजा. तुमच्या बोटीला लागते त्यापेक्षा किमान एक मीटर जास्त हवी. वजनाला लागून काय वर येतं तेही बघा. मऊ चिखल असेल तर काँक्रीट हळूहळू रुतून घट्ट बसतं, खडक असेल तर साखळी घासून झिजते. धक्क्याच्या पायऱ्याही तेव्हाच बघा. शेवाळलेल्या खालच्या पायरीवरून सामान आणि घरातली वयस्क माणसं होडीत उतरू शकतील का?

पायरी ५: बोट किती फिरेल ते मोजा

मुरिंगवरची बोट एका जागी उभी राहत नाही, वारा आणि पाण्याच्या ओढीप्रमाणे बोयाभोवती फिरते. समजा ओहोटीला खोली तीन मीटर आहे. उधाणाला त्यात साडेचार मीटर भर पडली तर साडेसात मीटर. एवढ्या खोलीला साखळी साधारण वीस मीटर धरू. ओहोटीला ही साखळी सैल पडते आणि बोट ओढली गेली की जवळजवळ पूर्ण लांबीनं आडवी ताणली जाते. त्यात नऊ मीटरची बोट मिळवा, म्हणजे तळाच्या काँक्रीटपासून सगळ्या बाजूंनी एकोणतीस मीटर, आणि दोराची लांबी वेगळी. साठ मीटर व्यासाच्या त्या वर्तुळात दुसरी बोट येता कामा नये. शेजारी सपाट तळाची मोटरबोट असेल तर आणखी सावध राहा. ती वाऱ्याबरोबर वळते, तुमची कण्याची बोट पाण्याच्या ओढीबरोबर वळते, आणि पाणी फिरतं त्या अर्ध्या तासात दोघींची टक्कर होते.

मुरिंग आधीच टाकलेलं असेल तर साखळी वर काढून दाखवायला सांगा. फक्त बोयाजवळच्या चकचकीत कड्या बघून समाधान मानू नका. सगळ्यात जास्त झीज तळाशी, जिथे साखळी रोज चिखलातून उचलली जाते आणि परत पडते, तिथे होते. कडी मूळ जाडीच्या तीन चतुर्थांशावर आली असेल तर साखळी बदलूनच घ्या. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या लोखंडी कडीची, पिन तारेनं बांधलेली हवी, आणि बोटीच्या तोंडाशी दोर जिथे घासतो तिथे जाड होजपाइप चढवलेला हवा.

पायरी ६: पावसाळ्याची जागा आत्ताच ठरवा

जून ते ऑगस्ट बोट पाण्यात ठेवू नये. गेटवे-मांडवा लाँचसुद्धा मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. पण जून उजाडेपर्यंत थांबणंही बरोबर नाही. तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं ते १७ मे २०२१ ला, आणि गेटवेच्या कठड्याचे दगड त्यानं उखडले. तिथे मुरिंगवरच्या बोटीचं काय होईल ते सांगायला नको. बोट दहा मेच्या आत बाहेर काढायची तारीख ठरवा आणि क्रेन किंवा ट्रेलर फेब्रुवारीतच सांगून ठेवा, कारण मे महिन्यात सगळ्यांना एकाच आठवड्यात बाहेर यायचं असतं.

जमिनीवरच्या जागेसाठी विचारायचे प्रश्न वेगळे. पावसात तिथे पाणी तुंबतं का? बोटीखालचे टेकू कणा आणि बाजू दोन्ही पेलतात का? ट्रक आत येतो का? आठवड्यातून एकदा कोण बघून जाईल? बोट ठेवताना तळाचं बूच काढून ठेवा आणि ती किंचित मागे कलती ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पावसाचं पाणी निघून जातं. बॅटरी घरी आणा. शाकारताना ताडपत्री बोटीला चिकटवू नका, खालून वारा खेळता ठेवा, नाहीतर सप्टेंबरात आतल्या गाद्यांवर हिरवी बुरशी मिळेल.

पायरी ७: खर्च आणि कागद

नुसतं 'महिन्याचं भाडं किती?' विचारून हिशोब होत नाही. मुरिंगचं भाडं, अनामत, ने-आण करणारी होडी, खलाशाचा पगार, क्रेनच्या दोन फेऱ्या, पावसाळ्याचं भाडं, तळाचा रंग आणि साखळीची तपासणी, हे सगळं वर्षाचं धरून बेरीज करा. खलाशावर काटकसर करू नका. बोटीत साचलेलं पाणी काढणारा, दोर तपासणारा आणि वारा वाढला की फोन करणारा माणूस तुमची बोट वाचवतो.

लेखी करारात पाच गोष्टी हव्यात: मुरिंगचा परवाना कुणाच्या नावावर आहे आणि तो तुम्हाला वापरायला देता येतो का, जास्तीत जास्त किती लांबी-वजनाची बोट चालेल, साखळी कधी आणि कुणी तपासायची, बोट सुटली तर जबाबदारी कुणाची, आणि जागा सोडायची तारीख. परवान्याची प्रत स्वतः डोळ्यांनी बघा. 'आपलंच आहे, काही होत नाही' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. बोटीची नोंदणी, सर्व्हे आणि विम्याचे कागद बहुतेक ठिकाणी मागतात. विम्याच्या पॉलिसीत पावसाळ्यात बोट जमिनीवर असण्याची अट आहे का, हेही वाचून घ्या.

जागा पक्की झाली की पहिल्या उधाणाच्या दोन्ही ओहोट्यांना, सकाळी आणि संध्याकाळी, बोटीवर हजर राहा. कणा टेकतो का, शेजारची बोट किती जवळ येते, दोर कुठे घासतो, हे त्या एका दिवसात कळतं, आणि तेव्हा साखळी कमी-जास्त करायला मुरिंगवाला अजून तयार असतो.