सूचना काय नाकारते ते आधी वाचा: लॉजिक ग्रिड कोडे सोडवण्याची रीत

लॉजिक ग्रिड कोड्यात काही व्यक्ती, काही वस्तू आणि काही दिवस किंवा जागा दिलेल्या असतात, आणि कोणाशी काय जुळते हे मोजक्या सूचनांवरून शोधून काढायचे असते. बँकांच्या भरती परीक्षांतील तर्कक्षमतेच्या विभागात आणि राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात याच जातीचे प्रश्न येत असल्यामुळे अनेकांची या कोड्यांशी पहिली ओळख घड्याळाकडे बघत, घाईघाईत होते. त्या घाईत एक सवय लागते, ती म्हणजे प्रत्येक सूचनेतून ‘कोण कोणाशी जुळते’ हे शोधण्याची. माझ्या अनुभवात कोडे अडते ते बहुधा याच सवयीमुळे, कारण थेट जुळणी सांगणाऱ्या सूचना फार थोड्या असतात आणि उरलेल्या सूचनांचे खरे मोल त्या काय नाकारतात यात असते. हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून एक पूर्ण कोडे घेऊन ते शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

अनघा, महेश, रुक्मिणी आणि सलीम हे चार विक्रेते आहेत. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि गुरुवार या चार दिवशी आसपासच्या गावांत आठवडी बाजार भरतो. प्रत्येक विक्रेता यांपैकी एकाच दिवशी बाजारात बसतो आणि एका दिवशी दोघे कधीच बसत नाहीत. गूळ, घोंगड्या, मडकी आणि मिरच्या या चार मालांपैकी प्रत्येक जण एकच माल विकतो आणि दोघांचा माल सारखा नाही. सूचना चारच आहेत:

1. गूळ विकणारी व्यक्ती घोंगड्या विकणाऱ्या व्यक्तीच्या लगेच दुसऱ्या दिवशी बाजारात बसते.
2. सलीम आणि मडकी विकणारी व्यक्ती यांच्यापैकी एक सोमवारी बसते आणि दुसरी मंगळवारी.
3. अनघा सोमवारी बाजारात बसत नाही.
4. रुक्मिणी मिरच्या विकते.

सूचनांमध्ये ‘विकणारी व्यक्ती’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत, ते मुद्दाम. मराठीत ‘गूळ विकणारा’ असे लिहिले की तो पुरुष ठरतो आणि एका अक्षराने अनघा व रुक्मिणी बाद होतात, म्हणजे कोडे रचणाऱ्याने न दिलेली सूचना व्याकरणच देऊन टाकते. स्वतः कोडी रचणाऱ्यांनी ही काळजी घ्यावी. सोडवणाऱ्यांनी मात्र क्रियापदाच्या किंवा विशेषणाच्या लिंगावरून निष्कर्ष काढण्याआधी सबंध मजकूर पाहावा. दोन्ही लिंगांची नावे असूनही सगळीकडे सरसकट पुल्लिंग वापरलेले दिसले, तर त्या लिंगाला पुरावा मानू नये.

आता तक्ता आखायचा. व्यक्ती, माल आणि दिवस असे तीन गट आहेत, म्हणून व्यक्ती व माल, व्यक्ती व दिवस, आणि दिवस व माल अशा तीन चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीत चार आडव्या आणि चार उभ्या ओळी, म्हणजे 16 घरे, आणि तिन्ही मिळून 48 घरे होतात. कागदावर डाव्या बाजूला वरून खाली आधी चार व्यक्ती आणि त्यांच्याखाली चार दिवस लिहावेत, तर वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे आधी चार माल आणि मग पुन्हा चार दिवस लिहावेत. खाली उजवीकडचा कोपरा दिवसांसमोर दिवस असल्यामुळे रिकामा राहतो. जुळणी नक्की झाली की घरात बरोबरची खूण करावी आणि जुळणी अशक्य ठरली की फुली मारावी. माझा एक आग्रह आहे: प्रत्येक फुलीशेजारी ती ज्या सूचनेमुळे आली तिचा आकडा बारीक अक्षरात लिहावा. पुढे कुठे विसंगती आली तर चुकीच्या फुलीपर्यंत माग काढता येतो, नाहीतर सगळा तक्ता खोडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या लहानशा कोड्यातही मालाची वाटणी 24 प्रकारे आणि दिवसांची वाटणी 24 प्रकारे होऊ शकते, म्हणजे एकूण 576 मांडण्या संभवतात. चौथा गट वाढवला तर हा आकडा 13,824 वर जातो. एकेक मांडणी तपासत बसण्यात अर्थ नाही. एकेक फुली त्यांतल्या अनेक मांडण्या एकदम बाद करते.

सुरुवात सर्वांत थेट सूचनेपासून, म्हणजे चौथीपासून करावी. रुक्मिणी आणि मिरच्या यांच्या घरात खूण केली की त्याच आडव्या ओळीत तीन आणि त्याच उभ्या ओळीत तीन फुल्या आपोआप येतात, कारण रुक्मिणी दुसरे काही विकत नाही आणि मिरच्या दुसरे कोणी विकत नाही. या सहा फुल्या मारायला विसरणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. तिसरी सूचना सोपी असून तिची एकच फुली, अनघा आणि सोमवार या घरात.

पहिली सूचना वाचताना ‘लगेच’ हा शब्द अधोरेखित करावा. ‘नंतर’ आणि ‘लगेच नंतर’ यांतला फरक न पाहिल्यामुळे मी एकदा पाच गटांच्या कोड्यावर जवळजवळ तासभर घालवला होता, आणि चूक सापडली ती फुलीशेजारच्या आकड्यांमुळेच. येथे गूळ घोंगड्यांच्या पुढच्या दिवशी येतो, म्हणून गूळ सोमवारी असू शकत नाही, कारण सोमवारच्या आधीचा दिवस या कोड्यात नाहीच. त्याच कारणाने घोंगड्या गुरुवारी असू शकत नाहीत. दोन फुल्या मिळाल्या. सूचना मात्र संपली नाही, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे, म्हणून तिच्यापुढे एक टिंब काढून ठेवावे.

दुसरी सूचना या कोड्याचा कणा आहे आणि ती सावकाश वाचायला हवी. सलीम सोमवारी आणि मडकीवाला मंगळवारी असा क्रम त्यात आहे असे पटकन वाटते, पण सूचना क्रम सांगत नाही. ती तीन वेगळ्या गोष्टी सांगते. पहिली गोष्ट अशी की सलीम आणि मडकी विकणारी व्यक्ती या दोन निराळ्या व्यक्ती आहेत, म्हणून सलीम आणि मडकी या घरात फुली. दुसरी गोष्ट अशी की सलीम बुधवारी किंवा गुरुवारी नाही आणि मडकीही बुधवारी किंवा गुरुवारी नाहीत, म्हणून आणखी चार फुल्या. तिसरी गोष्ट सूचनेत लिहिलेली नाही, ती वाचणाऱ्याने काढायची असते: सोमवार आणि मंगळवार या दोन व्यक्तींनीच भरून गेले, त्यामुळे जी व्यक्ती सलीम नाही आणि मडकीही विकत नाही तिला या दोन दिवसांत जागा नाही. अशी व्यक्ती आपल्याला माहीत आहे. रुक्मिणी सलीम नाही आणि ती मिरच्या विकते, म्हणून ती सोमवारीही नाही आणि मंगळवारीही नाही.

एका चौकटीतली माहिती दुसरीत नेणे हे यानंतरचे काम. रुक्मिणी आणि मिरच्या आता एकच झाल्या, त्यामुळे रुक्मिणीबद्दल जे खरे ते मिरच्यांबद्दलही खरे. रुक्मिणीच्या ओळीत सोमवारी व मंगळवारी फुली आहे, तशीच दिवस व मालाच्या चौकटीत मिरच्यांच्या ओळीतही सोमवारी आणि मंगळवारी फुली मारावी. प्रत्येक नव्या खुणेनंतर ही नक्कल करायलाच हवी. कोडे अडले असे वाटते तेव्हा बहुतेक वेळा एखादी नक्कल राहून गेलेली असते.

येथवर 48 घरांपैकी 19 घरे भरली आहेत, आणि त्यांत खूण एकच आहे, बाकीच्या 18 फुल्या. उत्तराजवळही आलो नाही असे वाटेल, पण दिवस व मालाची चौकट आता नीट पाहावी. मडकी सोमवार किंवा मंगळवार. मिरच्या बुधवार किंवा गुरुवार. म्हणजे पहिल्या दोन दिवसांतली एक जागा मडक्यांनी आणि शेवटच्या दोन दिवसांतली एक जागा मिरच्यांनी घेतली. उरलेल्या दोन जागांपैकी एक पहिल्या जोडीतली आहे आणि दुसरी शेवटच्या जोडीतली, आणि त्या गूळ व घोंगड्यांसाठी आहेत. आता टिंब काढून ठेवलेली पहिली सूचना पुन्हा वाचावी. गूळ आणि घोंगड्या लागोपाठच्या दिवशी हव्यात, आणि एक दिवस पहिल्या जोडीतला व दुसरा शेवटच्या जोडीतला हवा, तर मंगळवार आणि बुधवार यांच्याशिवाय दुसरी जोडी शक्यच नाही. म्हणून घोंगड्या मंगळवारी आणि गूळ बुधवारी. मडक्यांना सोमवार उरला आणि मिरच्यांना गुरुवार. एकही अंदाज न करता सबंध चौकट भरली. या प्रकारच्या कोड्यात मला सर्वांत आवडणारा क्षण हाच आहे, कारण दोन सूचनांपैकी कोणतीही एकटी एवढे सांगत नव्हती.

पुढचे भराभर होते. मिरच्या गुरुवारी, म्हणून रुक्मिणी गुरुवारी. मडकी सोमवारी, म्हणून दुसऱ्या सूचनेप्रमाणे सलीम मंगळवारी, आणि मंगळवारी घोंगड्या असल्याने त्या सलीमच्या. अनघा आणि महेश यांच्यासाठी सोमवार आणि बुधवार उरले, अनघा सोमवारी नाही, म्हणून ती बुधवारी गूळ विकते आणि महेश सोमवारी मडकी विकतो.

उत्तर मिळाल्यावर मूळ सूचना एकेक करून पुन्हा वाचून उत्तराशी पडताळाव्यात, तक्त्याशी नव्हे, कारण तक्त्यात चूक असेल तर तक्ता तीच चूक खरी म्हणून दाखवील. त्याबरोबर प्रत्येक सूचना वापरली गेली का हेही पाहावे. तिसरी सूचना किरकोळ वाटते, पण ती झाकून पाहिली तर अनघा सोमवारी मडकी आणि महेश बुधवारी गूळ अशी दुसरी मांडणीही बाकी सर्व सूचनांत बसते. एखादी सूचना न वापरता उत्तर आले, तर ते उत्तर संशयाने पाहावे. कुठेतरी नकळत अंदाज केलेला असण्याची शक्यता मोठी असते.

अवघड कोड्यांत सर्व नकला करूनही पुढे जाता येत नाही असा टप्पा येतो, तेव्हा गृहीत धरून पाहण्याला माझी हरकत नाही, मात्र ते शिस्तीने व्हावे. दोनच पर्याय उरलेले घर निवडावे, वेगळ्या कागदावर एक पर्याय खरा मानावा आणि विसंगती येईपर्यंत चालत राहावे. आपल्या कोड्यात घोंगड्या सोमवारी मानल्या तर गूळ मंगळवारी येतो आणि मडक्यांना जागाच उरत नाही, म्हणून सोमवार बाद. विसंगती आली तर पर्याय खोटा ठरला हे नक्की. विसंगती आली नाही तर मात्र तो खरा ठरला असे होत नाही, आणि हा भेद विसरल्यामुळे चुकीची उत्तरे लिहिली जातात.

यानंतर हात अजमावायला ‘झेब्रा कोडे’ घ्यावे. ते ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकाच्या 17 डिसेंबर 1962 च्या अंकात छापले गेले. पुढे ते आइन्स्टाइन यांच्या नावावर खपवले गेले, पण त्याला पुरावा नाही. रांगेतली पाच घरे, त्यांचे रंग, रहिवाशांचे देश, पेये, सिगारेटी आणि पाळीव प्राणी असे सहा गट त्यात आहेत, म्हणजे तक्त्यात 15 चौकटी आणि 375 घरे, आणि संभाव्य मांडण्या 2,488 कोटींहून जास्त. एवढ्या पसाऱ्यातही पहिले पाऊल नाकारण्याचेच आहे. नॉर्वेचा माणूस पहिल्या घरात राहतो आणि तो निळ्या घराशेजारी राहतो, म्हणून दुसरे घर निळे. लाल घर इंग्रज माणसाचे, म्हणून पहिले घर लाल नाही. हिरवे घर हस्तिदंती घराच्या लगेच उजवीकडे आहे, आणि दुसरे घर निळे असल्याने पहिल्या घराला त्या जोडीत जागा नाही. उरला पिवळा रंग. पिवळ्या घरात कूल्स सिगारेट ओढली जाते आणि घोडा तिच्या शेजारच्या घरात आहे, पहिल्या घराला शेजार एकच, म्हणून घोडा दुसऱ्या, निळ्या घरात.