यंत्राची माहितीपुस्तिका छापायला शिकायचं असेल तर

कोल्हापुरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या कारखान्यांतून पंप किंवा यंत्र बाहेर पडतं तेव्हा सोबत माहितीपुस्तिका द्यावी लागते. ती बनवायला शिकताना संगणक नंतर उघडा. आधी कोरा कागद आणि पेन्सिल घ्या.

कागद आडवा-उभा असा तीन वेळा दुमडा. १६ पृष्ठं होतात. कडा न फाडता कोपऱ्यांत १ ते १६ आकडे घाला आणि कागद उलगडा. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ दिसतील, उरलेले मागच्या बाजूला. त्यातले निम्मे उलटे. छापखान्यात ज्याला फॉर्म म्हणतात तो हाच. मधोमध पिन मारायच्या पुस्तिकेची पृष्ठं ४ च्या पटीत का हवीत, हे इथेच कळतं. मजकूर ३४ पृष्ठांचा भरत असेल तर तो ३२ मध्ये बसवा, म्हणजे दोन फॉर्ममध्ये काम होतं. उरलेल्या दोन पृष्ठांपायी प्लेट (ज्यावरून छपाई होते तो पत्रा), छपाई, घडी सगळ्याचा खर्च वाढतो.

मग मजकूर. वाचणारा माणूस यंत्रापाशी उभा असतो, हाताला तेल लागलेलं असतं. म्हणून एका क्रमांकात एकच कृती लिहा, आणि इशारा कृतीच्या आधी द्या. ‘झाकण उघडा’ लिहून खालच्या ओळीत ‘आधी वीज बंद करा’ असं कधीही येऊ देऊ नका. यातून खरंच माणसाला इजा होते. आकडा आणि एकक एकाच ओळीत राहतील अशी न तुटणारी जागा (नॉन-ब्रेकिंग स्पेस) मध्ये टाका.

सर्वांत जास्त वेळ फॉन्टला द्या. श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीतला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणला की रफार, जोडाक्षरं आणि दशांश चिन्हं मूळ प्रतीशी ताडून पाहावीच लागतात. तेल १.५ लिटरऐवजी १५ लिटर छापलं गेलं तर पुढचं सांगायला नको. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत मिळतात. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते. पैसे खर्चायचे नसतील तर स्क्रायबस १.६ हे मोफत सॉफ्टवेअर शिका. मराठीला मात्रा वर आणि उकार खाली, त्यामुळे ११ पॉइंट अक्षराला १६ पॉइंटांचं ओळअंतर ठेवा. शीर्षकं स्टाइल लावूनच करा; अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

रेखाचित्रं व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी, हवीत. फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) असावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबलेलं असतं, मूळ फाइल मागून घ्या.

पीडीएफ करताना कडेला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची छपाई) सोडा, फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करा. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, १०० टक्के काळा असू द्या. तो चार रंगांत विभागला गेला तर रजिस्टर (रंगांचा एकमेकांवर बसणारा मेळ) केसभर सरकलं तरी बारीक अक्षराला रंगीत सावली येते.

आतला कागद ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम वजन) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा छपाईचा कागद, घ्या, त्यावर पेन्सिलीने नोंद करता येते. मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्डाचं, लॅमिनेशन करून. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) पुस्तिकेच्या कण्याला समांतर हवा. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात कागद ओल धरतो, फुगतो आणि रजिस्टर हलतं. कागदाचं रीम (बांधीव गठ्ठा) छपाईच्या वेळीच फोडायला सांगा. प्रती थोड्या असतील तर प्लेटशिवाय होणारी डिजिटल छपाई बरी, हजारांत असतील तर प्लेटवरची ऑफसेट.

प्लेट काढण्याआधी प्रूफची (तपासणीच्या छापील प्रतीची) डमी दुमडून पिन मारा आणि शॉप फ्लोअरवर न्या. ते यंत्र कधी न चालवलेल्या कामगाराला नुसती पुस्तिका वाचून तेल बदलायला सांगा. सोबत कोणीतरी जाणकार असू द्या, पण त्याने बोलायचं नाही, धोका दिसला तरच थांबवायचं. कामगार जिथे अडेल ते वाक्य किंवा चित्र बदला, आणि मगच प्रूफवर सही करा. शेवटच्या पृष्ठावर आवृत्ती क्रमांक आणि महिना टाकायला विसरू नका, कारण पुढच्या वर्षी सुटा भाग बदलला की कोणत्या यंत्रासोबत कोणती पुस्तिका गेली हे त्यावरूनच शोधावं लागतं.