कोपरी ते ऐरोली, खाडीवरून: रेडिओ लिंक कशी जोडावी आणि तिच्यावर नजर कशी ठेवावी

ऑफिस कोपरीत, गोदाम ऐरोलीत आणि मध्ये ठाण्याची खाडी. दोन्हीकडचं नेटवर्क जोडायचं आहे. हवेतून अंतर साधारण ४ किलोमीटर धरा. एवढ्यासाठी फायबर ओढायची तर खोदाईच्या परवानग्या आणि दर महिन्याचं भाडं मागे लागतं. दोन गच्च्यांवर दोन रेडिओ समोरासमोर लावले तर तेच काम होतं, फक्त ते कागदावरून सुरू करायचं, गच्चीवरून नाही.

आधी कायद्याचं. ५ गिगाहर्ट्झमधले ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त केले, पॉवरची मर्यादा घालून. रेडिओला ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी सरकारी मंजुरी, आहे ना, हे विक्रेत्याला विचारा आणि कागद मागून घ्या. सेटिंगमध्ये देश ‘इंडिया’च ठेवा. जास्त पॉवर मिळावी म्हणून भलताच देश निवडणारे इन्स्टॉलर असतात, त्यांना तिथेच अडवा. पट्टा फुकट आहे याचा दुसरा अर्थ असा की शेजारच्या टॉवरवरचा रेडिओ तुमच्या चॅनलवर आला तर तक्रार करायला जागा नाही.

आता गणित. ५८०० मेगाहर्ट्झवर ४ किलोमीटरला मोकळ्या हवेत साधारण १२० डीबी (डेसिबल, सिग्नल किती वाढला-घटला त्याचं माप) नुकसान होतं. रेडिओची पॉवर १० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली) आणि दोन्हीकडे २३ डीबीआयच्या (डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप) डिश असतील, तर १० + २३ − १२० + २३, म्हणजे −६४ डीबीएम सिग्नल मिळायला हवा. हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे पदोपदी लागणार आहे. समोरची गच्ची नुसती दिसून भागत नाही. वाटेच्या मधोमध या लहरींचा फुगवटा सुमारे ७ मीटर त्रिज्येचा असतो आणि त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे सव्वाचार मीटर, मोकळा हवा. खारफुटीची अडचण उंच गच्चीवरून येत नाही. खरी भीती रिडेव्हलपमेंटची. वाटेतल्या कुठल्या सोसायटीवर हिरवी जाळी चढली आहे का, ते दुर्बिणीने बघून घ्या.

दोन्ही रेडिओ आधी टेबलावर जोडा. पॉवर अगदी कमी ठेवा आणि डिश समोरासमोर धरू नका, इतक्या जवळून रिसीव्हरचे कान बसतात. दोन्हीकडे एकच फर्मवेअर (रेडिओच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवा. एक रेडिओ ॲक्सेस पॉइंट, दुसरा स्टेशन, दोन्ही ब्रिज मोडमध्ये, म्हणजे दोन्ही टोकं एकाच नेटवर्कमध्ये राहतात. आयपी पत्ते ठरवून चिकटपट्टीने रेडिओच्या पाठीवर लिहा, मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीए२ चालू करा, अंतर ४ किलोमीटर भरा. चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ करायचा मोह होतो, पण ठाण्यात एवढी शांत जागा सहसा सापडत नाही. मी ४० वर थांबतो, गर्दी फारच असेल तर २०. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ या भागांत रेडिओने रडारची चाहूल घेऊन चॅनल सोडणं अपेक्षित असतं, आणि मुंबईत वेरावलीला हवामान विभागाचं सी-बँड, म्हणजे याच लहरींच्या आसपासचं, रडार आहे. त्यामुळे ५७२५ च्या वरचा चॅनल बरा.

गच्चीवर जीआय पाइप घट्ट, अर्थिंग स्वतंत्र, केबल बाहेरच्या वापराची, शिल्डेड. केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकतं, पोर्टात उतरत नाही. मग दोघांनी दोन गच्च्यांवर फोन चालू ठेवून डिश जुळवायच्या. एक बाजू स्थिर, दुसरी आधी आडवी फिरवा, मग वरखाली, मग अदलाबदल. −८४ च्या आसपास सिग्नल येऊन तिथेच अडला, तर ‘आला एकदाचा’ म्हणून नट आवळू नका. डिशच्या मुख्य झोताऐवजी बाजूच्या झोतावर तुम्ही अडकला आहात. कागदावरच्या आकड्याच्या ३-४ डीबी आत यायलाच हवं आणि रेडिओच्या दोन्ही चेनमधला (आडव्या आणि उभ्या लहरींच्या दोन वाटा) फरक ३ डीबीपेक्षा कमी हवा.

नंतर आयपर्फ या प्रोग्रामने दोन्ही दिशांना वेग मोजा. रेडिओच्या पानावरचा आकडा हवेतला असतो, हातात साधारण त्याच्या निम्मा पडतो. सिग्नल, नॉइज (बाकीच्या लहरींचा गोंगाट), मॉड्युलेशन (लहरीवर डेटा चढवायची पातळी), पिंग, इथरनेटचा वेग, सगळं तारखेसह लिहा.

पुढचं काम एसएनएमपीचं, म्हणजे रेडिओकडून आकडे आपोआप मागवायचं. त्यासाठीचा लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स हा प्रोग्राम एखाद्या जुन्या पीसीवर चालतं. दर मिनिटाला दोन्ही टोकांचे आकडे घ्या, दोन्हीकडची घड्याळं एनटीपीने जुळवा. सिग्नल पहिल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा ६ डीबीने उतरून १० मिनिटं तसाच राहिला, तर मेसेज यावा. त्याहून हळवा अलार्म ठेवलात तर आठवड्याभरात कोणी तो बघत नाही. ऐरोलीच्या राउटरमध्ये एक ४जी सिमही ठेवा, नाहीतर नुसती लिंक तुटली आहे का तिकडची वीज गेली आहे, हे इथे बसून कळत नाही.

ग्राफ वाचणं हेच खरं कौशल्य. दोन्ही टोकांचा सिग्नल सारखाच उतरला, तर डिश हलली किंवा वाटेत काही उभं राहिलं. सिग्नल जागेवर पण एकाच टोकाचा नॉइज चढला, तर त्या बाजूला कोणीतरी तुमच्या चॅनलवर आलं, चॅनल बदला. रेडिओचे आकडे उत्तम आणि इथरनेट १००० वरून १०० वर घसरलं, तर केबल किंवा क्रिंप (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला कनेक्टर), बहुधा पाणी. पावसाला उगाच दोष देऊ नका. ५ गिगाहर्ट्झवर ४ किलोमीटरला मुसळधार पावसानेही सिग्नल फारसा पडत नाही. पाऊस थांबल्यावरही लिंक रडत असेल तर कनेक्टर उघडून बघा.

खाडीची एक खोड मात्र वेगळी. पाण्यावरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीत मिसळते आणि पाणी वरखाली झालं की सिग्नलही झोके घेतो. ओळखायचं असं: रोज एकाच वेळेला पडणारा खड्डा माणसांचा, नॉइजचा. रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकणारा खड्डा भरतीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे कोळीवाड्यात कोणीही सांगेल. अष्टमीला सहाच्या सुमारास. ग्राफशेजारी कॅलेंडर ठेवून ताडून बघा. जुळलं तर एका टोकाची डिश पाइपवर दीड-दोन मीटर वर किंवा खाली घ्या आणि भरती-ओहोटीचे दोन-तीन दिवस परत बघा.

सेटिंग बदलायचं झालं तर आधी ऐरोलीचं, मग कोपरीचं, आणि ‘तपासून आपोआप मागे जा’ अशी सोय रेडिओत असेल तर ती चालू ठेवूनच. उलट क्रमाने केलंत की पलीकडचा रेडिओ जुन्याच चॅनलवर राहतो आणि ऐरोली पुलावरच्या ट्रॅफिकमधून त्याच्यापर्यंत जावं लागतं.