ऑफिसमध्ये हीटर लावताय? आधी प्लग कुठे घालताय ते बघा

थंडी पडली की ऑफिसात टेबलाखाली छोटे हीटर दिसायला लागतात, आणि त्यात गैर काही नाही, बोटं आखडली की टायपिंग होत नाही. फक्त जागा आपल्या एकट्याची नसते, म्हणून आणायच्या आधी अ‍ॅडमिनला किंवा मेंटेनन्सवाल्यांना विचारा. काही ठिकाणी हीटरला सरळ बंदी असते, काही ठिकाणी ठरावीक प्रकारचाच चालतो. गुपचूप आणलेला हीटर मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण कुणाला दिसू नये म्हणून तो फायलींच्या मागे किंवा पडद्याआड ठेवला जातो, म्हणजे नेमका नको तिथेच. आणि विचारायला जाताय तर थंडी कुठून लागतेय तेही सांगा, कधीकधी डोक्यावरच्या एसीची हवा दुसरीकडे वळवली तरी काम भागतं.

आता मुख्य मुद्दा, एक्स्टेंशन बोर्ड. हीटर भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावायचा, बोर्डला नाही, स्पाइक बस्टरला नाही, मल्टीप्लगला तर अजिबातच नाही. 1500 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर खेचतो, 2000 वॅटचा जवळजवळ नऊ. साधा लॅपटॉप साठेक वॅट घेतो असं धरलं तर 1500 वॅटचा एक हीटर म्हणजे पंचवीस लॅपटॉप एकाच प्लगवर, तेही तासन् तास. वायर किती तापणार हे करंटच्या वर्गावर ठरतं, करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. त्यात बोर्ड जुना असला, आतल्या पट्ट्या सैल झाल्या असल्या, तर पिन जिथे टेकते तिथेच सगळी गरमी साठते, आधी प्लास्टिक पिवळट पडतं, मग तपकिरी होतं, आणि मग तो जळका वास येतो. लोक म्हणतात एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, पडेल की. एमसीबीला जास्त करंट कळतो, सैल कॉन्टॅक्ट कळत नाही, करंट नेहमीचाच असतो आणि प्लग मात्र वितळत असतो!

म्हणून हीटर लावल्यावर अर्ध्या तासाने कोरड्या हाताने प्लगला हात लावून बघा. किंचित कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला सॉकेट दाखवा. शेजारच्या टेबलावर पण हीटर असेल आणि दोन्ही एकाच लाइनवर असतील तर एमसीबी पडत राहणार, तेव्हा मोठा एमसीबी टाकून घेऊ नका, मग वायरला वाचवणारं काही उरत नाही, एक हीटर कमी करा.

जागेचं सोपं आहे. चारी बाजूंनी एक मीटर मोकळं, कागद, कचऱ्याची टोपली, पडदा, खुर्चीवर टाकलेलं जॅकेट यातलं काहीच त्या अंतरात नको. सपाट जमिनीवरच ठेवा, टेबलावर किंवा खोक्यावर नाही. वायर कार्पेटखालून घेऊ नका, तिथे ती घासली जाते, तापते आणि दिसत नाही. वाटेतूनही नको, कुणीतरी अडकून पडेल. सॅनिटायझर, थिनर, स्प्रेचे डबे जवळ असतील तर तिथे हीटर नकोच. रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर बंद खोलीत लावू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नवीन घेताना आडवा पडला की आपोआप बंद होणारा आणि जास्त तापला की कट होणारा बघा. लाल तापलेल्या उघड्या कॉइलवाल्यापेक्षा ऑइलवाला बरा, तो हळू तापतो पण कागद चिकटला तरी लगेच पेट घेईल इतका लाल होत नाही, तरी त्यावर मोजे वाळत घालू नका. नुसते पाय गार पडत असतील तर पायाखालचा शे-दोनशे वॅटचा हीटिंग मॅट पुरतो. पाय अगदी हीटरला टेकवून रोज बसलात तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, जरा लांबच बसा.

मीटिंगला उठलात तरी बंद, जेवायला गेलात तरी बंद, घरी जाताना बंद करून प्लग काढलेला. टायमर किंवा स्मार्ट प्लग लावून सकाळी आपण यायच्या आधीच चालू करण्याची आयडिया कितीही छान वाटली तरी नको, रात्रीत त्यावर काय पडलंय ते बघायला तिथे कोणी नसतं.

धूर आलाच तर जमत असेल तर मेन स्विच बंद करा, पाणी ओतू नका, कार्बन डायऑक्साइडचं किंवा ड्राय पावडरचं एक्स्टिंग्विशर वापरा, आणि आग कचऱ्याच्या टोपलीपेक्षा मोठी झाली असेल तर सगळ्यांना बाहेर काढून फायर ब्रिगेडला फोन करा. तो हीटर नंतर चालू झाला तरी परत वापरायचा नाही, सॉकेटही बदलून घ्या.