जर्मनीत नवे आहात? डेबियनमधलं एखादं बेवारस पॅकेज घ्या

आन्मेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) झालं, घर मिळालं, आता नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो तेव्हा करायचं काय, असं विचारणारे मराठी इंजिनियर दरवर्षी भेटतात. मी डेबियन सुचवतो, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. पण हौसेनं नवं पॅकेज (त्यात बसवता येणारं सॉफ्टवेअर) काढू नका. कुणीतरी अर्ध्यावर सोडलेलं घ्या; त्याला वापरणारे आधीच असतात, त्यामुळे तुमच्या कामाची दखलही लवकर घेतली जाते.

आधी नोकरीचा करार वाचा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचे आर्थिक हक्क इथल्या कायद्यानं कंपनीकडे जातात. लेखी विचारून घ्या आणि ऑफिसचा लॅपटॉप बाजूला ठेवा.

मग 'हाऊ-कॅन-आय-हेल्प' हे डेबियनमधलं साधन बसवा. तुमच्या मशीनवरच्या कोणत्या पॅकेजला माणूस हवाय, ते कळतं. डेबियनमध्ये अशा पॅकेजची नोंद 'बग' म्हणून असते. त्या बगच्या शीर्षकात 'ओ' ('ऑर्फन्ड') असेल तर पॅकेज सोडून दिलेलं आहे. 'आरएफए' ('रिक्वेस्ट फॉर अडॉप्शन') असेल तर मेंटेनर, म्हणजे पॅकेजची जबाबदारी असलेला माणूस, अजून सांभाळतोय, पण वारस शोधतोय. घ्यायचं ठरलं की शीर्षक 'आयटीए' ('इंटेंट टू अडॉप्ट') करून बग स्वतःच्या नावावर घ्या. त्याआधी मूळ प्रकल्प चालू आहे का आणि इतर कोणती पॅकेजं यावर अवलंबून आहेत, ते बघा. मूळ प्रकल्प बंद, वापरणारं कुणी नाही, असं असेल तर ते डेबियनमधून काढायला सुचवा. तेही कामच आहे.

खरी कसोटी तिसऱ्या प्रकारात. मेंटेनरचं नाव कायम, बग साचलेले, उत्तर नाही. त्यासाठी 2018 पासून ठरलेली पद्धत आहे: 'आयटीएस' ('इंटेंट टू सॅल्व्हेज') बग उघडायचा, मेंटेनरला कळवायचं, 21 दिवस थांबायचं आणि मग किमान 7 दिवस उशिरानं लागू होणारं अपलोड करायचं. मधेच तो 'नको' म्हणाला की थांबायचं. तातडीचा बग असेल तर तेवढाच दुरुस्त करणारा एनएमयू (मेंटेनर नसलेल्यानं केलेलं अपलोड) पुरतो. परगावी गेलेल्या शेजाऱ्याच्या झाडांना पाणी घालणं वेगळं, दारावरची पाटी बदलणं वेगळं.

मेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' नको, पहिल्या नावानं हाक मारा. 'हा पॅच चूक आहे' एवढंच उत्तर आलं तर मनाला लावून घेऊ नका. इथे तो अपमान नसतो. सुधारून परत पाठवा.

सुरुवातीला अपलोडचा हक्क नसतो. डेबियनच्या 'मेंटर्स' साइटवर पॅकेज टाका, 'आरएफएस' ('रिक्वेस्ट फॉर स्पॉन्सरशिप') बग उघडा, तुमच्या वतीनं अपलोड करणारा स्पॉन्सर मिळायला वेळ लागतो. पुढे डेव्हलपर व्हायचं तर तुमच्या ओपनपीजीपी किल्लीवर (डिजिटल ओळखीच्या किल्लीवर) डेबियन डेव्हलपरची सही लागते. इथे राहण्याचा खरा फायदा तिथे होतो. फेब्रुवारीच्या सुमाराला ब्रसेल्सला फॉसडेम, मार्चमध्ये केम्नित्झला लिनक्स-टागे, ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची संमेलनं रेल्वेनं गाठता येतात. सही करणाऱ्याला ओळख पटवायला पासपोर्ट आणि किल्लीच्या फिंगरप्रिंटच्या (तिच्या ओळख-आकड्याच्या) चिठ्ठ्या न्या.

नोकरी बदलली, घरी बाळ आलं आणि वेळच उरला नाही, तर गप्प बसू नका. स्वतःच 'ओ' बग उघडा, पुढच्या माणसाचे ते 21 दिवस वाचतील.